दोन बोटांची जागा: क्लच वायर आणि तापलेल्या नळीची गोष्ट

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, आवाज जरा वाढवा. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "हा काय इतिहास झाला?" थांबा, दहा मिनिटं द्या मला.

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आजचा इतिहास आहे एका दोन बोटं रुंदीच्या जागेचा. जुनी अमेरिकन गाडी डोळ्यांसमोर आणा. बॉनेट उघडलं. आत मोठं व्ही-८ इंजिन. त्याच्या डाव्या अंगाला सायलेन्सरकडे जाणाऱ्या चार जाड नळ्या, गाडी जोरात चालवून आणली तर अंधारात लालसर दिसतील इतक्या तापणाऱ्या. आणि त्या नळ्यांच्या बाजूने, फार तर दोन बोटं सोडून, एक काळी वायर खाली जाते. क्लचची वायर. तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर.

एकीकडे चारशे-पाचशे अंश सेल्सियस, दुसरीकडे प्लॅस्टिक. ही दोघं शेजारी आली कशी? आणि त्या वायरला वाचवताना माणसांनी काय काय केलं? त्यातलं एक तर असं केलं, की वायर वाचली आणि माणसं गेली. तिथपर्यंत येऊच.

वायर ओढते, आउटर रेटतो

सुरुवात घरापासून करतो. लहानपणी बाबांची स्कूटर होती. महिन्या-दोन महिन्यांनी कुठेतरी चढावर क्लच वायर तुटायची. डिकीत जास्तीची वायर असायचीच, तुमच्याही घरी असेल. एकदा बाबा वैतागून म्हणाले, "या वेळी चांगल्यातली वायर टाका." मेकॅनिककाका हसले. म्हणाले, "साहेब, वायरला काय शिव्या देता? आउटर सडलाय. आउटर बदला, वायर आपोआप टिकेल."

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. नंतर कळलं, की काका शंभर वर्षांपूर्वीच्या एका पेटंटचं सार सांगत होते.

हे पेटंट १८९६ चं. माणसाचं नाव अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन, जन्माने आयरिश. आता एक गोंधळ आधीच मिटवतो. रॅले सायकलवाले फ्रँक बाउडेन वेगळे. आडनाव एकच, दोघांचा संबंध सायकलशी, म्हणून बरेच जण श्रेय भलत्यालाच देतात. आपला बाउडेन तो अर्नेस्ट.

त्याच्याआधी ब्रेक लावायचा, एखादा खटका ओढायचा, तर लोखंडी दांडे लागायचे. दांडा सरळ जातो. वळायचं म्हटलं की सांधा लागतो, बिजागरी लागते, आणि प्रत्येक सांधा खिळखिळा होतो. बाउडेनने काय केलं? लवचिक वायर घेतली आणि तिला एका लवचिक नळीत घातलं. ही नळी म्हणजे तारेचंच घट्ट वेटोळं, पेनातली स्प्रिंग दाबून जवळजवळ आणावी तसं. झालं.

इथे खरी गंमत आहे. घरात सायकल असेल तर ब्रेक दाबून बघा. वायर आत खेचली जाते, हे सगळ्यांना दिसतं. पण त्याच वेळी आउटर दोन्ही टोकांना तेवढ्याच जोराने रेटत असतो, ते दिसत नाही. वायर ताण घेते, आउटर दाब घेतो. दोन्ही सारखेच. आउटर मऊ पडला, चेपला, वाकडा झाला, तर तुम्ही पायाने जेवढं ओढाल त्यातलं निम्मं आउटर चेपण्यातच जातं. क्लचपर्यंत काही पोचतच नाही.

म्हणजे क्लच वायरमध्ये वाचवायची चीज वायर नाहीच, आउटर आहे. स्टीलची वायर चारशे अंशांना वितळत नाही. तिचं कव्हर आणि आतलं अस्तर वितळतं. हे लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

पुढे ही बाउडेन केबल सायकलच्या ब्रेकला लागली, मोटारसायकलला लागली, विमानांत गेली, जुन्या कॅमेऱ्याचं बटण दुरून दाबायच्या दोरीत गेली. आणि गाडीच्या क्लचला आली. दरम्यान तिच्यात सुधारणाही झाल्या. आधी आत नुसतं ग्रीस असायचं. मग प्लॅस्टिकचं युग आलं. १९३५ मध्ये नायलॉन, १९३८ मध्ये टेफ्लॉन. वायर आतल्या आत सुळसुळीत सरकावी म्हणून असल्या प्लॅस्टिकचं अस्तर आलं, बाहेरून पाणी-माती लागू नये म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर आलं. पेडल हलकं झालं, वायर टिकायला लागली.

पण प्रत्येक प्लॅस्टिकला एक मर्यादा असते. पॉलिथिन साधारण ११० ते १३० अंशांना वितळतं. नायलॉन, प्रकारानुसार, २२० ते २६० च्या आसपास. टेफ्लॉन ३२७ ला. आणि वितळायच्या बरंच आधी ते मऊ पडतं. म्हणजे केबल जसजशी सुधारली, तसतशी ती उष्णतेला हळवी झाली.

नळ्या आल्या कुठून?

आता दुसरं पात्र. हेडर.

इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो, तो गोळा करायला कंपन्या बिडाचा एक जाडजूड भाग बसवायच्या. मॅनिफोल्ड. स्वस्त, दणकट, जागा कमी घेणारा. पण त्यात सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच बोळात कोंबला जातो. एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या अंगावर येतो. सकाळी स्टेशनच्या जिन्यावर होतं तसं.

१९३२ मध्ये फोर्डने व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं. ६५ हॉर्सपॉवर. तोवर आठ सिलिंडर म्हणजे श्रीमंतांचा मामला होता. या इंजिनात एक खोट होती. जळक्या वायूची वाट इंजिनाच्या ठोकळ्यातूनच, पाण्याच्या कप्प्यांना चाटून बाहेर जायची. त्यामुळे इंजिन पटकन तापायचं. तरीही ते स्वस्त होतं, आणि जुन्या गाड्या भंगारात मिळत होत्या. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती उचलली, पत्रे कापून हलकी केली आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायला लागली. यातलं एक तळं म्युरॉक, जिथे आज एडवर्ड्स हा हवाई दलाचा तळ आहे. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना केली, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' मासिक सुरू झालं. १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा आठवडा भरायला लागला.

या पोरांनी बिडाचा मॅनिफोल्ड काढून टाकला आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वेगळी नळी दिली. नळ्यांची लांबी सारखी ठेवली की आणखी मजा. एका नळीतून धुराचा लोट जोरात गेला की त्याच्यामागे क्षणभर हवेचा दाब कमी होतो, आणि ती पोकळी पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेते. इंजिनाला फुकटात ताकद मिळते. हाच हेडर.

पण फुकट काही नसतं. बिडाची भिंत जाड. ती हळूहळू तापते. हेडरची नळी पातळ पत्र्याची, सव्वा ते दीड मिलिमीटर. ती झटकन तापते. शिवाय एका मॅनिफोल्डच्या जागी चार लांब नळ्या, वाकड्यातिकड्या, बॉनेटखालची सगळी जागा खाणाऱ्या. म्हणजे तापणारा पृष्ठभाग वाढला आणि तो सगळ्या वस्तूंच्या जवळ आला.

रेसच्या गाडीला याने फरक पडत नव्हता. तिला ना ट्रॅफिक, ना सिग्नल. दहा मिनिटं पळायचं, मग बॉनेट उघडून ठेवायचं. अडचण झाली हेडर रस्त्यावरच्या गाडीत आला तेव्हा.

मस्टँगच्या डाव्या अंगाला

१७ एप्रिल १९६४. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग लोकांसमोर आणली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या विकल्या गेल्या. तरुणांची गाडी, म्हणजे तिच्यात छेडछाड करणारे तरुण आलेच.

स्वस्तात बनवायची म्हणून मस्टँगचा सांगाडा फोर्डच्याच फाल्कन या साध्या गाडीवरून घेतलेला. फाल्कन मुळात सहा सिलिंडरच्या छोट्या इंजिनासाठी केलेली. त्यामुळे मस्टँगच्या बॉनेटखाली दोन्ही बाजूंना सस्पेन्शनचे उंच पत्र्याचे बुरूज आत घुसलेले. मधल्या जागेत व्ही-८ कसाबसा बसतो. आणि अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे. म्हणजे स्टिअरिंगचा दांडा डावीकडे, ब्रेकच्या नळ्या डावीकडे, क्लचही डावीकडे. उजवा हेडर मोकळा श्वास घेतो, डावा हेडर गर्दीत उभा.

त्या मस्टँगला क्लचची केबल नव्हतीच. दांडे होते. पेडलपासून एक दांडा खाली, मग इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये एक आडवा फिरता दांडा, तिथून पुढे क्लचकडे. त्या आडव्या दांड्याला लोक आकारावरून झेड-बार म्हणतात. उष्णतेची त्याला फिकीर नाही, लोखंडच ते. पण लांब नळ्यांचे हेडर बसवायला गेलं की झेड-बार आडवा येतो. हेडर पाहिजे तर झेड-बार हलवा. हलवला तर क्लच कसा दाबायचा?

त्यावर जुन्या मस्टँगवाल्यांनी शोधलेलं उत्तर म्हणजे बाउडेनची केबल. झेड-बार काढा, केबल टाका. ती कुठूनही वळते, हेडरच्या नळ्यांमधूनसुद्धा जाते. प्रश्न सुटला! आणि नवा सुरू झाला. आता प्लॅस्टिकच्या कव्हरची वायर सरळ तापलेल्या नळ्यांच्या शेजारी.

पुढे फोर्डने स्वतःच केबल स्वीकारली. १९७९ ला आलेली मस्टँग, जिला तिच्या सांगाड्यावरून 'फॉक्स' म्हणतात, ती १९९३ पर्यंत चालली, आणि तिचा क्लच केबलचा. त्यानंतरच्या मस्टँगलाही २००४ पर्यंत केबलच होती, २००५ पासून हायड्रॉलिक आलं. कारखान्यात बसवलेल्या मॅनिफोल्डसकट ही केबल नीट चालायची, कारण इंजिनिअरांनी दोघांमधलं अंतर मोजून ठेवलेलं. पण फॉक्स म्हणजे स्वस्तात ताकद हवी असणाऱ्या पोरांची गाडी. त्यांनी लांब हेडर टाकले. मोजून ठेवलेलं अंतर गेलं.

मग काय व्हायचं? ऐका, कारण हे एकदम होत नाही. आधी पेडल थोडं जड वाटायला लागतं. माणूस म्हणतो, क्लच प्लेट गेली वाटतं. मग पेडल वर यायला वेळ लावतं. आतलं अस्तर वितळून वायरला चिकटतंय, ग्रीस भाजून डिंकासारखं झालंय. मग एक दिवस सिग्नलला गाडी गिअरमध्ये, पाय पेडलवर, आणि पेडल खाली जाऊनही क्लच सुटतच नाही. गाडी पुढे ढकलतेय, समोर माणसं रस्ता ओलांडतायत.

बरं, हे सिग्नललाच का होतं? कारण पळत्या गाडीत वारा लागतो. गाडी थांबली की वारा बंद, आणि हेडरमध्ये साठलेली सगळी आच बॉनेटखाली कोंडते. इंजिन बंद केल्यावर तर पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट. म्हणून "हायवेला पन्नास किलोमीटर चालवली, काही झालं नाही" हा पुरावा नाही.

होळी, धातूचा डबा आणि चौथा घात

आता जरा विज्ञान. घाबरू नका, होळीवरून सांगतो.

होळी पेटलीय, तुम्ही दहा फुटांवर उभे. वारा तुमच्याकडून होळीकडे वाहतोय, म्हणजे गरम हवा पलीकडे जातेय. तरीही तोंड भाजतं ना? आणि मध्ये कोणी येऊन उभं राहिलं की लगेच थंड वाटतं. म्हणजे ही आच हवेतून येत नाही. ती उजेडासारखी सरळ रेषेत येते आणि सावलीने अडते. यालाच प्रारण म्हणतात.

एडिंबरोच्या जॉन लेस्लीने याच्यावर प्रयोग करून १८०४ मध्ये पुस्तक लिहिलं. धातूचा चौकोनी डबा घेतला, आत गरम पाणी भरलं. एक बाजू काजळीने काळी केली, एक चकचकीत घासली. आतलं पाणी एकच, तापमान एकच. तरी काळ्या बाजूसमोर जास्त आच, चकचकीत बाजूसमोर खूप कमी. चकचकीत धातू आच फेकतही कमी आणि घेतही कमी. तुमच्या थर्मासच्या आत चांदीसारखी चमक असते, तिचं कारण हेच.

१८४७ मध्ये जॉन ड्रेपरने दाखवलं, की वस्तू कुठलीही असो, साधारण ५२५ अंशांच्या सुमारास ती अंधारात मंद लाल दिसायला लागते. म्हणजे हेडर लाल दिसला तर थर्मामीटरची गरज नाही.

आणि १८७९ मध्ये योझेफ स्टेफानने नियम मांडला, की प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचं बरं का, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे. २५० अंशांची नळी ५०० अंशांवर गेली, तर आच दुप्पट होते का? नाही. जवळजवळ पावणेपाच पट. मॅनिफोल्डशेजारी वर्षानुवर्षं टिकलेली केबल हेडरशेजारी महिन्यात का जाते, त्याचं उत्तर या चौथ्या घातात आहे.

एवढं कळलं की उपाय पण कळतो. होळीसमोर भाजत असेल तर तुम्ही काय करता? आधी मागे सरकता. नाही जमलं तर कोणाच्या तरी आडोशाला जाता. अंगावर गोधडी घेऊन तिथेच उभं राहणं हा तिसरा उपाय. थोडा वेळ चालतो, मग गोधडीच तापते.

पण माणसांनी पन्नास-साठ वर्षं आधी गोधडीच घेतली.

पांढरी पट्टी

त्या गोधडीचं नाव ॲस्बेस्टॉस. आपल्याकडे छपराचे पत्रे म्हणून सगळ्यांना माहीत. जमिनीतून निघणारं खनिज, पण त्याचे कापसासारखे तंतू निघतात. सूत काढा, दोरी वळा, पट्टी विणा. जळत नाही. उष्णतेवर याच्याइतकं स्वस्त औषध नव्हतं.

मग सायलेन्सरच्या नळीला ॲस्बेस्टॉसची पट्टी गुंडाळायची. रेसच्या गाडीला, बोटीच्या इंजिनाला, कारखान्यातल्या वाफेच्या पाइपला. केबल नळीजवळून जाते? गुंडाळ पट्टी. गंमत म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकालाही तेच होतं. त्या काळच्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस, ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस. मेकॅनिक क्लच उघडायचा, काळी पूड दिसायची, कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायचा आणि तिथेच डबा उघडून जेवायचा.

हे कोणालाच माहीत नव्हतं का? तसं नाही. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या नेली केरशॉ या कामगार बाईच्या मृत्यूबद्दल डॉ. विल्यम कुक यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं. ती ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात सूत काढायची. तिच्या फुप्फुसांत ते तंतू होते. १९२७ मध्ये कुक यांनी या रोगाला नाव दिलं, ॲस्बेस्टॉसिस. १९३१ मध्ये ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम केले. पण नियम कारखान्यापुरते. जो माणूस तीच पट्टी विकत घेऊन पाइपला गुंडाळत होता, त्याचं काय?

त्याचं उत्तर अमेरिकेत डॉ. इरव्हिंग सेलिकॉफ यांनी शोधलं. त्यांनी खाण किंवा कारखाना बघितला नाही. न्यूयॉर्क-न्यूजर्सी भागातले पाइप गुंडाळणारे कामगार बघितले, म्हणजे नुसता वापर करणारे. त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये ६ एप्रिल १९६४ ला छापून आला.

तारीख परत ऐका. ६ एप्रिल १९६४. अकरा दिवसांनी, १७ एप्रिलला, मस्टँग आली. एका बातमीसाठी शोरूमसमोर रांगा लागल्या. दुसरी बातमी गॅरेजपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं गेली. कारण हा रोग लगेच दिसत नाही. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस, तीस, चाळीस वर्षं जातात. तोपर्यंत ती गाडी भंगारात गेलेली असते आणि मालक विसरलेला असतो.

ब्रिटनने १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली. अमेरिकेत अजून वापरात असलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर २०२४ मध्ये बंदी आली. आपल्याकडे २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, आणि प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोवर, जपून ठेवली पाहिजे. चाळीस वर्षं का, ते आता तुम्हाला कळलंच. पण या निकालाने वापर थांबला नाही. भारतात ॲस्बेस्टॉसवर आजही सरसकट बंदी नाही. आणि रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या पोराची नोंद कोणाच्या वहीत आहे?

म्हणून हे फार गंभीरपणे सांगतो. कोणाच्याही जुन्या गाडीच्या नळीवर करडी-पांढरी, सुतासारखी पट्टी दिसली, तर ती ओढून काढू नका, घासू नका, हवा मारू नका. नुसतं बघून ती ॲस्बेस्टॉसची आहे की काचेच्या धाग्याची, हे कळत नाही. प्रयोगशाळेत कळतं. तोवर हात लावायचा नाही. जुन्या क्लचमधल्या पुडीचंही तेच.

मग आज काय करायचं?

आज जुन्या गाडीवर काम करणारा शहाणा माणूस कसं करतो, ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा.

सगळ्यात आधी, हेडरला दोष देण्याआधी इंजिनाची अर्थ वायर बघा. हो, अर्थ वायर! इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी ही जाड पट्टी तुटली किंवा गंजली, तर स्टार्टर मारल्यावर येणारा शेकडो अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि सांगाडा जोडणारी दुसरी लोखंडी वस्तू कोणती? क्लच केबल. ती आतून तापते, कव्हर वितळतं, आणि लोक तिला हेडरपासून वाचवायला पत्रे ठोकत बसतात. नवी केबल, परत तेच.

मग अंतर. केबल नळीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची, पक्क्या ब्रॅकेटने. पण इथे एक पेच आहे. केबल जितकी वळेल तितकं घर्षण वाढतं, आणि ते लांबीवर नाही, एकूण किती अंश वळली त्यावर ठरतं. हे गणित ऑयलरने विहिरीच्या रहाटासारख्या दोरखंडांसाठी अठराव्या शतकातच करून ठेवलंय. सुक्या-मध्यम घर्षणाची केबल एकूण ९० अंश वळली तर पायाला साधारण सव्वा पट जोर, १८० अंश वळली तर दीड पटीहून जास्त. म्हणजे लांबून नेण्याच्या नादात दोन जास्तीची वळणं दिली, तर पाय दुखणार आणि वायर लवकर झिजणार. मोठी, सैल वळणं द्यायची.

आणि अंतर गाडी उभी असताना मोजून चालत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की व्ही-८ इंजिन आपल्या रबरी पायांवर कलतं, डावी बाजू वर उचलली जाते. केबलचं एक टोक सांगाड्याला, दुसरं इंजिनाकडे. उभ्या गाडीत दोन बोटं असलेली जागा पळताना एका बोटाची होते.

तिसरं, आडोसा. नळी आणि केबल यांच्यामध्ये चकचकीत पत्रा, दोघांपासून सुटा, दोन्हीकडे हवा खेळती. पत्रा नळीला चिकटला तर तो आडोसा राहत नाही, तवा होतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे फार जवळ असेल तर स्टेनलेस स्टील. आणि पत्रा स्वच्छ ठेवायचा. तेलाने काळा झाला की लेस्लीच्या डब्याची काळी बाजू झाली.

चौथं, केबलवर काचेच्या धाग्याची, बाहेरून चांदीसारखी नळी, म्हणजे स्लीव्ह. ती आच परतवते आणि उरलेली उशिरा पोचू देते. उशिरा, लक्षात घ्या. कायमची अडवत नाही. आणि ती बांधायला प्लॅस्टिकचे टाय वापरू नका! ज्यापासून वाचवतोय त्यानेच ते वितळणार. स्टीलचे टाय मिळतात.

शेवटी, अगदी शेवटी, हेडरलाच गुंडाळणं. आजच्या पट्ट्या काचेच्या किंवा बेसाल्टच्या धाग्याच्या असतात, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा दगड ज्या जातीचा, त्याच जातीचा दगड वितळवून काढलेला धागा. त्या काम करतात. पण गुंडाळलेली नळी आतून आणखी तापते, पट्टीत पावसाचं पाणी मुरतं आणि साध्या स्टीलची नळी आतल्या आत सडते. त्यापेक्षा नळीला सिरॅमिकचा लेप बरा. महाग आहे, पण सडवत नाही.

जाता जाता

बघा, शंभर वर्षं या दोन बोटांच्या जागेत माणसं काही ना काही कोंबत आली. बाउडेनने वाकडी वाट सोपी केली, म्हणून तिथे केबल आली. कॅलिफोर्नियाच्या पोरांना वेग पाहिजे होता, म्हणून नळ्या आल्या. प्लॅस्टिकवाल्यांनी पेडल हलकं केलं. यातलं कोणीच चुकीचं नव्हतं. फक्त एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. आणि या दोघांचं भांडण मिटवायला जी पट्टी आणली, तिचे पैसे तिसऱ्याच माणसाने फेडले, ज्याच्या मालकीची गाडीसुद्धा नव्हती.

आमच्या मेकॅनिककाकांनाही खोकला होता. कशाने, ते मला माहीत नाही आणि उगाच काही जोडणार नाही. पण क्लच उघडून हवा मारताना ते तोंडावर रुमाल बांधायचे नाहीत, हे मला स्पष्ट आठवतंय. आज तुमच्या ओळखीतला कोणी गॅरेजमध्ये काम करत असेल, तर हा भाग त्याला पाठवा. गाडीचा शौकीन असेल त्याला नंतर पाठवलात तरी चालेल.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीची, स्कूटरची, तुटलेल्या वायरीची गोष्ट असेल तर कमेंटमध्ये लिहा, वाचतो मी सगळ्या. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि धूळ दिसली की आधी तोंडावर मास्क, मग हातात पाना!